डॉक्टर मोबाईलमध्ये काय बघतात? तुमचा एक्स-रे व्हॉट्सअॅपवर कुणाकडं जातो अन् जबाबदारी कुणाची राहते?

बीड : "डॉक्टरनं पेशंटकडं धड बघितलंच नाही, सगळा वेळ मोबाईलमध्येच डोकं घालून बसला होता." कोरोनाच्या दोन वर्षांत ही तक्रार आपल्या जिल्ह्यात पारावर, एसटीत, मेडिकलच्या दुकानापुढं सर्रास ऐकू यायची. अजूनही येते. काही वेळा ती खरीही असेल. पण पुष्कळदा त्या मोबाईलवर तुमच्याच वडिलांच्या छातीचा एक्स-रे असायचा. तालुक्याच्या डॉक्टरनं तो फोटो काढून मोठ्या दवाखान्यातल्या ओळखीच्या फिजिशियनला पाठवलेला असायचा आणि उत्तराची वाट बघत तो स्क्रीनकडं डोळे लावून बसलेला असायचा.

हा प्रकार नेमका काय आहे, तो कायद्यात बसतो का, आणि तुमचा रिपोर्ट असा पुढं गेला तर तुम्ही काय बघायचं, हे समजून घेऊ. साथ गेली, पण ही पद्धत गेलेली नाही.

आपल्याकडंच गरज जास्त का पडली?

जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पश्चिमेला आष्टी, पूर्वेला परळी. मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईला. जिल्हा रुग्णालय बीडला. आष्टीकराला या दोन्हीपेक्षा नगर जवळ. एप्रिल २०२० मध्ये जिल्ह्यातला पहिला कोरोना रुग्ण सापडला तो आष्टी तालुक्यातल्या पिंपळ्यात, आणि त्याच्यावर उपचार झाले ते नगरला. गेवराईचा माणूस संभाजीनगरकडं बघतो, परळी-अंबाजोगाईचा लातूरकडं. आजारी माणसाला गाडीत घालून यातल्या कुठल्याही ठिकाणी न्यायचं म्हणजे डिझेल, सोबतीला दोन माणसं, आणि बेड मिळेल का याची धाकधूक.

त्यात त्याच एप्रिलमध्ये ऊसतोड मजूर कारखान्यांवरून परत आले. काही शाळेत राहिले, काही शेतात पाल टाकून. त्यांच्यातल्या कुणाला खोकला आला, ताप आला, तर बघणारा होता प्राथमिक आरोग्य केंद्राचा एकटा डॉक्टर किंवा गावातला खासगी डॉक्टर. हा आजार त्या डॉक्टरलाही नवाच होता. एमबीबीएसच्या पुस्तकात नव्हता अन् बीएएमएसच्याही नव्हता.

मग दुसरी लाट आली. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेले, ती बातमी देशभर गेली. लोखंडी सावरगावचं कोविड रुग्णालय, अंबाजोगाई, बीड, सगळीकडं गर्दी. अशा वेळी तालुक्याच्या डॉक्टरपुढं प्रश्न एकच असायचा : समोरचा माणूस इथंच सांभाळता येईल, की आत्ताच्या आत्ता पुढं पाठवायचा? सगळ्यांनाच पुढं पाठवलं तर खरी गरज असलेल्याला बेड मिळत नाही. ठेवून घेतलं आणि रात्रीत बिघडलं तर माणूस हातचा जातो. या एका प्रश्नासाठी डॉक्टर एकमेकांना मेसेज करत होते.

मेसेजमध्ये काय असायचं?

"पेशंट सिरीयस आहे, काय करू?" एवढंच लिहिलं तर उत्तर देणारा काहीच सांगू शकत नाही. कामाचा मेसेज साधारण असा : पुरुष, वय ५८, शुगरचा त्रास, आज तापाचा सहावा दिवस, बसलेल्या अवस्थेत ऑक्सिजन ९३, सहा मिनिटं चालवल्यावर ८८, श्वास मिनिटाला २६, शुगर २८०, सोबत एक्स-रे.

यातला प्रत्येक आकडा काहीतरी सांगतो. दिवस कितवा, हे सगळ्यात आधी. या आजारात पहिले चार-पाच दिवस बरे जायचे आणि त्यानंतर माणूस अचानक घसरायचा. चालवून ऑक्सिजन बघायचा, कारण बसल्या जागी ९३-९४ दिसणारा माणूस चार पावलं चालला की खरी परिस्थिती कळायची. पुष्कळांचा ऑक्सिजन कमी होऊनसुद्धा दम लागत नव्हता. "मला काहीच होत नाही" म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरवर, हे त्यामुळंच झालं.

आता सीटी स्कॅनचा स्कोअर. २०२१ मध्ये गावागावांत लोक एकमेकांना विचारायचे, "तुमचा स्कोअर किती?" जणू दहावीचे मार्क. तो स्कोअर २५ पैकी असतो, कारण फुफ्फुसाचे पाच भाग आणि प्रत्येक भागाला शून्य ते पाच गुण. पण नुसत्या स्कोअरवरून माणूस बरा की वाईट ठरत नाही. स्कोअर १५ असून ऑक्सिजन ९६ राहणारा माणूस सावरला आणि तिसऱ्याच दिवशी काढलेल्या स्कॅनमध्ये स्कोअर ४ आलेला माणूस आठव्या दिवशी बिघडला, असं होऊ शकतं. लवकर काढलेल्या स्कॅनमध्ये पुढं येणारं नुकसान दिसत नाही. सौम्य लक्षणं असताना उगाच सीटी काढू नका, असं दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये सांगितलं होतं. मोबाईलच्या पलीकडचा फिजिशियन म्हणूनच स्कोअरच्या आधी ऑक्सिजन विचारायचा.

स्टेरॉईडचा मुद्दा : इथं सल्ला वाचवायचा आणि इथंच फॉरवर्ड मारायचा

या विषयावर थोडं थांबू, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त फायदा आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच झालं, असं मला वाटतं.

जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉईड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्यानं साधारण एक तृतीयांशानं कमी झाले, नुसता ऑक्सिजन लागलेल्यांतले एक पंचमांशानं. डोस दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. मात्र ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांना काहीही फायदा दिसला नाही. उलट नुकसानाची शंका होती. म्हणजे तेच औषध, पण कुणाला आणि कितव्या दिवशी, यावर सगळं अवलंबून.

ही माहिती खेड्यातल्या डॉक्टरपर्यंत जाड पुस्तकातून पोचायची तर किती वर्षं गेली असती. डॉक्टरांच्या ग्रुपवर ती काही दिवसांत पोचली. "ऑक्सिजन ९५ आहे, दुसरा दिवस आहे, स्टेरॉईड चालू करू का?" असं विचारल्यावर पलीकडून "नको, थांबा, रोज चालवून ऑक्सिजन बघा" असं उत्तर आलं, तर त्या एका ओळीनं पेशंटचं भलं झालं.

दुसरी बाजूही बघा. एका पेशंटसाठी दिलेली चिठ्ठी गावच्या ग्रुपवर "कोरोनावर रामबाण इलाज, सेव्ह करून ठेवा" म्हणून फिरायला लागली. चुलत्याला लागू पडली म्हणून पुतण्यानं मेडिकलवरून तीच औषधं आणली. पुतण्याचा आजाराचा दिवस दुसरा, चुलत्याचा आठवा. पुतण्याला शुगर आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नाही. स्टेरॉईडनं शुगर वाढते, अंगातली प्रतिकाराची ताकद कमी होते. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण वाढले त्यामागं वाढलेली शुगर आणि स्टेरॉईडचा बेसुमार वापर ही मोठी कारणं होती. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. नाक, डोळा, जबडा यांपर्यंत जाणारा हा आजार. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा वरचा जबडा.

वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअॅपनं एप्रिल २०२० मध्येच घातली होती. पण आपल्या लोकांनी फोटो काढून, स्क्रीनशॉट मारून वाट काढलीच.

डॉक्टरनं डॉक्टरला एका विशिष्ट माणसाबद्दल विचारणं हा सल्ला. तीच चिठ्ठी दुसऱ्या माणसासाठी वापरणं हा जुगार. मोबाईल तोच, अॅप तेच.

हे नियमात बसतं का?

बसतं. आणि ही गोष्ट पुष्कळ डॉक्टरांनाही आधी नीट माहीत नव्हती.

२०१८ मध्ये रत्नागिरीतलं एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. प्रसूतीनंतर त्रास झालेल्या महिलेवर डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले आणि ती दगावली, असा आरोप होता. न्यायालयानं डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर काही सांगायलाच राज्यातले डॉक्टर घाबरू लागले.

२५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्राच्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत व्हॉट्सअॅपसारखी अॅपही चालतील असं म्हटलं आहे. सल्ल्याचे प्रकारही सांगितले आहेत : रुग्ण थेट डॉक्टरला विचारतो, नातेवाईक विचारतो, आरोग्य कर्मचारी विचारतो, आणि एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला विचारतो. हा शेवटचा प्रकार म्हणजे आपला विषय. आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी त्याच सुमारास वेगळ्या सूचना निघाल्या.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ गावकऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ज्या डॉक्टरनं सल्ला विचारला, तोच तुमचा उपचार करणारा डॉक्टर राहतो. औषध लिहायची, बदलायची, तुम्हाला पुढं पाठवायची जबाबदारी त्याचीच. "वरच्या डॉक्टरनं व्हॉट्सअॅपवर सांगितलं म्हणून दिलं" एवढं म्हणून तो मोकळा होत नाही. पलीकडच्या तज्ज्ञानं पेशंटला हात लावलेला नाही, पोट दाबून बघितलं नाही, छातीला स्टेथोस्कोप लावला नाही. त्यानं सांगितलेलं समोरच्या माणसाला लागू पडतं का, हे समोर बसलेल्या डॉक्टरनंच ठरवायचं.

दुसरी गोष्ट परवानगीची. रुग्णानं स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत धरतात. डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचारी स्वतःहून सल्लामसलत सुरू करत असेल तर संमती स्पष्ट घ्यावी लागते. "तुमचा एक्स-रे अमुक डॉक्टरांना दाखवतो, चालेल ना?" एवढं विचारलं अन् तुम्ही हो म्हणालात, की झालं. डॉक्टरनं या सल्लामसलतीची नोंद ठेवायची असते, हेही सूचनांत आहे.

सरकारी पातळीवरही हेच चाललं होतं. २८ मार्च २०२० ला दिल्लीच्या एम्सनं देशभरातल्या डॉक्टरांसाठी चोवीस तास सल्ला केंद्र सुरू केलं, त्यात फोनबरोबर व्हॉट्सअॅपही होतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेनंही त्याच महिन्यात आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की गरज असेल तिथं अशी अॅप वापरायला हरकत नाही, फक्त रुग्णाची माहिती जपा. तेव्हा आपल्या तालुक्याचा डॉक्टर काही गावंढळ जुगाड करत नव्हता.

फोटोच खराब असेल तर?

व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो टाकला की अॅप तो दाबून लहान करतं. जेवणाच्या ताटाचा फोटो असेल तर काही बिघडत नाही. एक्स-रेत मात्र बारीक धुरकट डाग दिसले पाहिजेत. ट्यूबलाईटकडं हातानं धरलेली फिल्म, तिच्यावर पंख्याची सावली, बाजूला फ्लॅशचा पांढरा गोळा, अशा फोटोवरून न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे धुक्यात बैल ओळखण्यासारखं. फिल्म प्रकाशपेटीवर लावून, फ्लॅश बंद करून, मोबाईल सरळ समोर धरून काढलेला फोटो चांगला येतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर दाबला जात नाही. आता एचडीचाही पर्याय आलाय, २०२०-२१ मध्ये तो नव्हता. सीटी स्कॅन तर शेकडो चित्रांचा असतो. त्यातल्या एका फिल्मच्या फोटोवरून थोडंच कळतं.

ऑक्सिजन मोजायच्या मशीनचंही तसंच. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, पेशंट हात हलवत असेल, तर आकडा चुकतो. चुकीचा आकडा गेला की सल्लाही चुकीचाच येणार. पलीकडच्या डॉक्टरचा त्यात काय दोष?

आणि वेळ. दोनशे डॉक्टरांच्या ग्रुपवर रात्री अकराला टाकलेला प्रश्न सकाळच्या 'गुड मॉर्निंग'च्या फुलांखाली गडप होतो. दोन निळ्या रेघा आल्या म्हणजे उत्तर आलं असं नाही. म्हणून जाणते डॉक्टर तातडीच्या वेळी ग्रुपवर अवलंबून राहात नाहीत. आधी फोटो पाठवतात, मग लगेच फोन लावतात. पावसाळ्यात लाईट गेली, टॉवर बंद पडला, तर हा सगळा कारभार ठप्प होतो. तेव्हा वाट न बघता पेशंट पुढं न्यावा, हेच शहाणपण.

तुमचं नाव कुठवर जातं?

कोरोनात पॉझिटिव्ह आलेल्यांच्या याद्या नाव-गावासह गावच्या ग्रुपवर फिरल्या, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या घरांचं काय झालं हेही बघितलंय. दूध घेईना कुणी, किराणा देईना कुणी. घाबरून लोक तपासणीच टाळू लागले आणि आजार अंगावर काढू लागले. यादी पहिल्यांदा कुणी टाकली हे शोधायला कुणी बसलं नाही, पण ती पुढं ढकलणाऱ्यांत आपणही होतो.

व्हॉट्सअॅपचा मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही, ही सोय २०१६ पासून सगळ्यांना आहे. पण मेसेज दोन्ही टोकांना उघडाच असतो. डॉक्टरच्या मोबाईलच्या गॅलरीत तुमचा एक्स-रे आपोआप साठतो, तिथून बॅकअपला जातो. तोच मोबाईल घरी पोरं गेम खेळायला घेतात. डॉक्टरनं नाव झाकून, नुसतं वय आणि स्त्री की पुरुष एवढंच लिहून पाठवलं तरी तज्ज्ञाचं काम भागतं. चेहऱ्याचा फोटो लागतो तो फक्त चेहऱ्यावरच आजार असेल तेव्हा. काळ्या बुरशीत लागायचा. तेव्हा तर संमती आणखीच नीट घ्यायला हवी. २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झालाय. पण कायद्याआधी, "साहेब, नाव झाकून पाठवा" असं म्हणायला पेशंटला कुणी अडवलेलं नाही. डॉक्टरला राग येईल ही भीती आपल्याकडं फार. चांगल्या डॉक्टरला येत नाही.

आता काय चालू आहे?

सरकारची ई-संजीवनी सेवा डॉक्टर ते डॉक्टर सल्ल्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्येच सुरू झाली होती. घरबसल्या रुग्णांसाठीचा भाग एप्रिल २०२० मध्ये जोडला गेला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत देशात तिच्यावरून १० कोटी सल्ले झाले. गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, समुदाय आरोग्य अधिकारी तुम्हाला समोर बसवून व्हिडिओवर डॉक्टरशी जोडून देतात. नोंद राहते, चिठ्ठी मिळते. व्हॉट्सअॅपपेक्षा ही वाट सरळ आहे, फक्त नेटवर्क पाहिजे आणि उपकेंद्र उघडं पाहिजे.

तरीही रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाचा ईसीजी आजही व्हॉट्सअॅपवरच जातो. एक कागद, एक फोटो, आणि हृदयविकाराच्या तज्ज्ञाचं उत्तर : गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्या, किंवा लगेच हलवा. साप चावल्यावरही डॉक्टर विचारतात, कारण मण्यार चावली तर खूण नीट दिसत नाही आणि घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं का बघायचं, ही साधी तपासणी आरोग्य केंद्रातही होते. तिचा निकाल पलीकडच्या डॉक्टरला कळवला की लसीचा निर्णय सोपा होतो. नातेवाइकांनी मात्र सापाचा फोटो काढायच्या नादात रानात थांबू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते.

तुमचा रिपोर्ट पुढं पाठवला गेला तर तीन गोष्टी विचारून घ्या : कुणाला पाठवला, ते काय म्हणाले, आणि कुठलं लक्षण दिसलं तर आम्ही वाट न बघता निघायचं? उत्तर चिठ्ठीच्या मागं लिहून मागा. कारण रात्री बिघडलं तर घरातल्या कुणाला काही आठवत नाही. मूळ एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि जुन्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, फिल्मची घडी घालू नका. शुगर, बीपी, चालू गोळ्या आणि कशाची अॅलर्जी असेल तर ती डॉक्टरनं न विचारता सांगा. पलीकडच्या तज्ज्ञाला तुमचा माणूस दिसत नाही, त्याला फक्त हे कळतं. आणि श्वास लागलाय, बेशुद्धी आलीय, छातीत दुखतंय, रक्त थांबत नाही, असं असेल तर कुणाच्याही मेसेजची वाट न बघता आधी १०८ ला फोन लावा, मेसेज गाडीत बसल्यावरही करता येतो.